कडीच्या दोन बंदुका

आमच्या घरी एक रायफल होती. मुरबाड तालुक्यातल्या धसईपासून अर्ध्या तासाच्या पायवाटेवर आमचं गाव. त्या पट्ट्यात पिकाच्या राखणीसाठी परवान्याची बंदूक बऱ्याच घरांत असायची, पण ती ठासणीची, नाहीतर एकनळी बारा बोअरची. आमची वेगळी होती. तिच्या चापाभोवती लोखंडाची लांबट कडी होती. कडीत तीन बोटं घालून ती खाली ढकलायची आणि परत वर ओढायची, की रिकामं काडतूस बाहेर उडायचं आणि नवं आपसूक नळीत जाऊन बसायचं. बंदूक खांद्यावरून उतरवावी लागत नसे. गावात आमचं घर 'कडीवाल्यांचं' म्हणूनच ओळखलं जायचं.

ती आजोबांकडून आली होती. तरुणपणी ते एका लाकडाच्या ठेकेदाराबरोबर रानात असायचे, त्याच्या शिकारीसाठी रान उठवायला, हाका घालायला माणसं जमवायचे. ठेकेदार थकला, धंदा गुंडाळून गेला, आणि जाताना रीतसर कागद करून रायफल आजोबांच्या नावावर करून गेला. पुढे शिकारीला बंदी आली. रायफल राखणीच्या परवान्यावर राहिली आणि आजोबांनंतर बाबांच्या नावावर झाली. मला आठवतं तसं बाबांनी ती दोनदाच उडवली, दोन्ही वेळा आभाळात, डुकरं हुसकायला. पण तिची निगा अशी राखायचे की आई म्हणायची, "मला ताप आला तं एवढं बघत नाय."

मी त्यांची एकुलती मुलगी. काडतुसं काढून घेतल्यावर मला ती पुसायला मिळायची. कडी खाली-वर करताना होणारा आवाज मला फार आवडायचा.

नव्वदच्या दशकातली एक निवडणूक. निवडणूक आली की सगळ्या परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागत. बाबा मुरबाडला निघाले आणि मी हट्टाने त्यांच्याबरोबर गेले. तेव्हा मी नववीत असेन. ठाण्याच्या आवारात रांग लागलेली, प्रत्येकाच्या खांद्यावर नाहीतर गोणपाटात गुंडाळलेली बंदूक. आमची बाहेर निघाली की रांगेतले लोक बघायला यायचे, आणि बाबा मनातून खूश व्हायचे. त्या दिवशी नोंद करायला एक नवा हवालदार होता, शहापूरहून बदलून आलेला. त्याने रायफल हातात घेतली, कडी हलवून बघितली आणि म्हणाला,

"अशीच एक शहापूरला जमा व्हायची. डोळखांबकडच्या एका म्हाताऱ्याची."

"अशी?" बाबांनी विचारलं. "कडीची?"

"कडीचीच. पण ती हिच्याहून चांगली होती."

बाबांनी पावती घेतली आणि खिशात ठेवली. रात्री जेवताना अचानक म्हणाले, "चांगली म्हंजे काय चांगली? त्यानं काय दोन्ही उडवून बघितल्या काय?"

भाताची मळणी उरकली आणि एका सकाळी बाबा मला घेऊन डोळखांबला निघाले. बंदूक बरोबर नव्हती, नुसती चौकशी करायची होती. धसईहून मुरबाड, मुरबाडहून किन्हवली, पुढे जीप. जीपवाल्यालाच विचारलं तर त्याने थेट घरासमोर उतरवलं. तिथेही घराची ओळख तीच होती, 'कडीवाले'.

ओटीवर साठीचे एक उंच, वाळके गृहस्थ सुपारी कातरत बसले होते. रानातल्या तोडीची लाकडं मोजून घेण्याचं काम त्यांनी आयुष्यभर केलेलं, आणि त्यांनाही त्यांची रायफल एका ठेकेदाराकडूनच मिळालेली. बाबांनी आपण कोण, कुठले ते सांगितलं. मग सरळ म्हणाले, "तुमची बंदूक माझ्या बंदुकीहून चांगली हाय, असं एक हवालदार बोलला. म्हणून बघाया आलो."

ते गृहस्थ हसले नाहीत. गंभीर होऊन म्हणाले, "मंग बघाया पायजे."

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "आधी जेवा. मंग बघा काय बघायचं ते. पोर सकाळपास्नं उपाशी असंल."

त्या दिवसापासून ते माझे काका झाले आणि त्या काकू. काका बाबांना 'धसईवाले' म्हणायचे, बाबा त्यांना 'डोळखांबवाले'.

जेवणानंतर काकांनी रायफल बाहेर आणली आणि काडतुसं काढून बाबांच्या हातात दिली. मी बाबांचा चेहरा बघत होते. कडी तशीच होती, पण बाकी सगळं निराळं. आमच्या बंदुकीचा घोडा, म्हणजे चाप दाबला की काडतुसावर आपटणारा खटका, बाहेर दिसायचा, अंगठ्याने मागे ओढता यायचा. हिला बाहेर घोडाच नव्हता, मागची बाजू माशाच्या पाठीसारखी गुळगुळीत. आमच्या बंदुकीत काडतुसं नळीच्या खाली जोडलेल्या दुसऱ्या नळीत एकामागे एक आडवी बसायची. हिच्यात ती पोटात, एका फिरत्या चकरीवर बसत. आणि डाव्या अंगाला एक बारीक खिडकी होती. तिच्यातून आकडा दिसायचा. पाच काडतुसं भरली की पाच, एक उडवलं की चार.

"किती राहिली ते मोजायचं कामच नाय," काका म्हणाले.

"ज्याला मोजता येत नाय त्याला बरी हाय," बाबा म्हणाले.

मला वाटलं, आता भांडण होणार. पण काका मोठ्याने हसले, आणि तिथून पुढे जी वादावादी सुरू झाली ती काही वर्षं चालली.

बाबा दोन-तीन महिन्यांनी डोळखांबला जायचे, नाहीतर काका धसईच्या बाजाराला यायचे. दोघं बसले की पहिली पाच मिनिटं पीकपाणी आणि मग बंदुका. काका म्हणायचे, तुमच्या बंदुकीत टोकदार गोळी चालत नाही. ते खरंच होतं. काडतुसं एकामागे एक बसत असल्यामुळे एकाचं टोक दुसऱ्याच्या बुडाला टेकायचं; टोकदार गोळी असली आणि बंदूक आपटली तर नळीतच स्फोट व्हायचा. म्हणून आमची काडतुसं चपट्या तोंडाची. काकांची टोकदार, लांब जाणारी. त्यावर बाबा म्हणायचे, "लांब जाऊन करायचंय काय? आपल्या रानात पन्नास पावलांपलीकडं दिसतंय काय?" मग वजनाचा विषय निघे. आमची हलकी होती, मधोमध एका हातात धरून चालता यायची. काकांची थोराड. त्यावर काका म्हणत, वजन असलं की धक्का कमी बसतो. घोडा बाहेर असावा की आत, यावर तर एकदा अख्खी दुपार गेली. बाबांचं म्हणणं, घोडा बाहेर असला की बंदूक उडवायच्या तयारीत आहे की नाही ते अंधारातसुद्धा अंगठ्याला कळतं. काकांचं म्हणणं, बाहेरचा घोडा करवंदीच्या जाळीत अडकतो.

उडवून बघायचं मात्र कोणी नाव काढत नव्हतं. कारण सांगितलं जायचं ते काडतुसांचं. तसली काडतुसं मिळणं केव्हाच बंद झालं होतं. कल्याणच्या दुकानदाराने दर वर्षी नकारच दिला होता. बाबांकडे अकरा उरली होती, काकांकडे नऊ. "एक उडवली म्हंजे एक गेली," असं दोघंही म्हणायचे, आणि ते पटण्यासारखं होतं.

खरी गोष्ट काकूंनी बाहेर काढली. मी तेव्हा मुरबाडला कॉलेजात होते. आम्ही त्यांच्या ओटीवर बसलो होतो, वाद टोकाला गेलेला. बाबा म्हणाले, "एकदा उडवूनच बघू मंग." काका म्हणाले, "बघू की. पुढच्या खेपेला." काकू वाल सोलत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या,

"पुढच्या खेपेला काय होणार हाय? यांचा हात थरथरतोय दोन वरसं झाली, चहाचा कप धरवत नाय. आणि दादा, तुमचा उजवा डोळा गेलाय. मगाशी भाकरीचं ताट सोडून पाटावर हात टाकलात ते बघितलं मी."

मला धक्का बसला, कारण बाबांच्या डोळ्याचं मलाही ठाऊक नव्हतं. घरी एवढं जवळ राहून दिसलं नव्हतं ते काकूंना दिसलं. काकांनी आपले दोन्ही हात मांडीखाली घेतले होते. दोघंही हे एकमेकांपासून लपवत होते आणि काडतुसांवर ढकलत होते.

"पोरीला उडवू द्या," काकू म्हणाल्या. "तिचे डोळे बरे हायेत, हात बरे हायेत. आणि तिला दोन्ही बंदुका पाठ झाल्यात ऐकून ऐकून."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "उडवशील काय?"

"उडवीन," मी म्हटलं.

पोलीस ठाण्यात अर्ज देऊन परवानगी घेतली. मालक शेजारी उभा राहणार असेल तर मुलीने नेमबाजी करायला हरकत नाही, असं साहेबांनी सांगितलं. डोळखांबजवळ डोंगराच्या पायथ्याशी एक बंद पडलेली दगडाची खाण होती. मागे उभा कडा, गोळी कुठे जायची भीती नाही. थंडीतल्या एका सकाळी आम्ही तिथे गेलो. काकू घरातलं फाटकं सूप घेऊन आल्या होत्या. काकांनी त्याला चुना फासला, मधोमध गेरूचा टिळा लावला आणि कड्याला टेकवून ठेवलं. शंभर पावलं बाबांनी मोजली. प्रत्येक बंदुकीची तीन काडतुसं, असं ठरलं.

आधी आमची. बाबांनी मला दस्ता खांद्यात घट्ट दाबून धरायला सांगितलं. श्वास अर्धा सोडायचा आणि चाप ओढायचा नाही, हळूच दाबायचा. पहिला बार झाला आणि माझ्या कानात शिट्टी वाजायला लागली. गोळी सुपाच्या खाली दगडात गेली. मी कडी खाली ओढली, तर रिकामं काडतूस सरळ वर उडालं आणि माझ्या मानेवर येऊन थेट पाठीत शिरलं. तापलेलं पितळ! मी बंदूक जमिनीकडे धरून नाचायला लागले, काकूंनी धावत येऊन ते काढलं, आणि मानेवर जो चट्टा उठला तो महिनाभर राहिला.

"ही खोड हाय तिची," काका म्हणाले. "आमची बाजूला टाकते."

दुसरी गोळी सुपाच्या कडेला लागली, तिसरी टिळ्यापासून वीतभर वर.

मग काकांची. ती उचलतानाच वजन जाणवलं, पण खांद्याला लावली तशी ती स्थिर राहिली, हलेना. खिडकीत तीनचा आकडा. मी पहिली गोळी मारली, कडी ओढली, काडतूस उजवीकडे गवतात पडलं. दोनचा आकडा. दुसरी मारली. एक. तिसरी मारली.

आम्ही चौघं चालत सुपापाशी गेलो. काकांच्या बंदुकीची तिन्ही भोकं टिळ्याच्या उजव्या अंगाला होती, एका तळहाताखाली झाकली जातील इतकी जवळजवळ. कोणाला काही विचारायची गरज नव्हती. तरी काका म्हणाले, "पोरी, तू सांग."

बाबा दुसरीकडे बघत होते. खोटं बोलायचं माझ्या मनात आलं. म्हणजे, मीच नवखी, पहिल्या तीन गोळ्या शिकण्यात गेल्या, असं म्हणता आलं असतं, आणि त्यात थोडं खरंही होतं. पण सूप समोर होतं.

"नेम काकांच्या बंदुकीचा चांगला आहे," मी म्हटलं. "उचलायला, हातात धरायला बाबांची बरी. पण नेम काकांचाच."

काका खूश होतील असं वाटलं होतं. पण त्यांनी नुसती मान हलवली, आणि ते सूप खाणीतच ठेवून दिलं, घरी नेलं नाही. बाबांसमोर ते भिंतीला टांगायचं नव्हतं त्यांना.

परतीच्या एसटीत बाबा खिडकीपाशी बसले होते. किन्हवली मागे पडल्यावर म्हणाले, "ती खिडकी, आकड्याची. उडवताना खरंच उपयोगी पडते काय गो?"

"पडते."

"हं." थोड्या वेळाने म्हणाले, "डोळा दाखवायचा मला. कुठं जायचं ते तू बघ."

त्या उन्हाळ्यात त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि चांगलं झालं. पण दोनेक वर्षांनी रायफल त्यांनी माझ्या नावावर करायची ठरवली. मी तोवर शिक्षिका झाले होते, मुरबाड तालुक्यातल्याच एका पाड्यावरच्या शाळेत. परवान्यासाठी चौकशीला बोलावलं, तेव्हा अधिकाऱ्यांनी विचारलं, "बाई, तुम्हाला ही चालवता येते का?" मी रायफल हातात घेतली, आधी ती रिकामी असल्याची खात्री करून दाखवली आणि मग तिचा एकेक भाग सांगत गेले. पाच मिनिटांनी ते म्हणाले, "पुरे, पुरे."

यानंतर तीनेक वर्षांनी काकांचा निरोप आला. त्यांच्या डोंगरउताराला नाचणी होती, आणि एक मोठा डुक्कर दिवसाढवळ्या शेतात शिरायला लागला होता. पाड्यावरची एक बाई त्यांच्याकडे मजुरीला यायची. बांधावर गवत कापताना डुकराने तिची मांडी फाडली. तिला शहापूरच्या दवाखान्यात नेलं, टाके पडले, जीव वाचला. पण उताराच्या शेतात जायला कोणी तयार होईना. काकांनी वनखात्याकडे अर्ज केला, पंचनामा झाला, डुक्कर मारायची लेखी परवानगी मिळाली. परवानगीच्या कागदावर त्यांनी माझंही नाव घालून घेतलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी आमची रायफल घेऊन गेले. काकांनी आपली रायफल पुढे केली. "ही घे. नेम हिचा, तूच सांगितलंस."

मी आधी जागा बघितली. नाचणीच्या वरच्या अंगाला करवंदीच्या दाट जाळ्या, त्यांच्यामधून डुकराची वाट. कुठूनही बघितलं तरी वीस-पंचवीस पावलांपलीकडे दिसत नव्हतं. लांब नळीची जड बंदूक तिथे वळवायलाच जागा नव्हती. मी म्हटलं, "काका, इथं मी बाबांचीच घेते." त्यांना वाईट वाटलं असावं.

त्या जखमी बाईचा नवरा मला आणि काकांना वाट दाखवायला होता. त्याने वाऱ्याचा अंदाज घेऊन एका मोठ्या दगडाआड बसवलं. दोन सकाळी काहीच झालं नाही. तिसऱ्या सकाळी ऊन नुकतं उताराला लागलं होतं. त्याने माझ्या कोपराला हात लावला. जाळीतून आधी नुसती पानांची सळसळ आली, मग काळं, रुंद डोकं. मी घोडा मागे ओढला. डुक्कर पुरता बाहेर आला, आडवा उभा राहिला. मी खांद्यामागे नेम धरून चाप दाबला.

खट्. एवढाच आवाज. काडतूस जुनं, फुसकं निघालं.

डुकराने मान वळवून थेट आमच्याकडे बघितलं. मला घाबरायला वेळ मिळाला नाही. कडी खाली, कडी वर. हे मी लहानपणापासून इतक्या वेळा केलं होतं की हात आपोआप चालला, दस्ता खांद्यावरून हललासुद्धा नाही. तो खाली मान घालून निघाला होता. दुसरा बार झाला. तो दोन ढांगा पुढे आला आणि कोलमडला.

मग मी दगडाला टेकून खाली बसले. काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. वाट दाखवणारा तेवढा पुढे गेला आणि बराच वेळ डुकराजवळ उभा राहिला. परत येऊन म्हणाला, "तोच हाय. सुळा मोडका हाय ना, तोच." दुपारी वनरक्षक आला, कागद झाले, आणि नियमाप्रमाणे खड्डा खणून डुक्कर पुरला. पाड्यावरच्या म्हाताऱ्यांना ते मुळीच पटलं नाही. एवढं मटण मातीत घालायचं म्हणजे काय, असं ते माझ्याच तोंडावर बोलले. संध्याकाळी मी त्या बाईला भेटायला गेले. ती अंगणात पाय लांब करून बसली होती. तिने मला एक काकडी दिली आणि म्हणाली, "आता गवत कापायला जाईन मी. घरात बसून कटाळा आलाय."

दुसऱ्या दिवशी धसईचा बाजार होता. बाबा आमच्या परसातल्या काकड्या आणि भेंडी घेऊन बसणार, हे मला ठाऊक होतं. मी निघाले तर काका काठी घेऊन आधीच जीपपाशी उभे. "मी येतंय. हे मलाच सांगितलं पायजे," म्हणाले.

बाजारात बाबा पोत्यावर भाजी मांडून बसले होते. काका गर्दीतून वाट काढत त्यांच्यासमोर उभे राहिले आणि चार माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "धसईवाले, तुमची बंदूक चांगली. मी हरलो." आणि तिथेच भाजीच्या टोपल्या सरकवून खाली बसून सगळी हकिगत सांगितली. फुसकं काडतूस, करवंदीची जाळी, हलकी बंदूक, बाहेरचा घोडा. आजूबाजूचे भाजीवालेही ऐकायला सरकले.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. माझ्याकडे एकदा नीट बघून घेतलं, डोक्यापासून पायापर्यंत, कुठे लागलंय का ते. मग काकांकडे वळले.

"पण काय हो," ते म्हणाले, "तुमची जड असती, तं पहिला नेम आणखी पक्का धरला असता तिनं."

"पहिली गोळी उडालीच नाय, तं नेमाचं काय?"

"उडाली नाय, ते काडतुसाचं. बंदुकीचं बोला. आणि दुसरी पण फुसकी निघाली असती तं? आत किती राहिल्यात ते तिला कसं कळणार? तुमच्या बंदुकीत आकडा दिसतो."

"डुक्कर अंगावर येताना कोण आकडा बघतंय?" काका तावातावाने म्हणाले. "आणि आमच्या बंदुकीची नळी जाळीत अडकली असती, ते?"

"काय अडकत नाय. थोडं मागं बसायचं."

मी बघत राहिले. बाबा काकांच्या बंदुकीच्या बाजूने भांडत होते आणि काका आमच्या. दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. एक बाई भेंडी विचारायला आली, तर बाबांनी तिला हातानेच थांबायला सांगितलं. शेवटी मीच पोत्यावर बसले, भेंडी मोजून दिली, काकड्या विकल्या, आणि दोघांसाठी समोरच्या टपरीवरून चहा आणला. काकांचा कप मी अर्धाच भरून घेतला होता. बाबांनी बोलता बोलता तो त्यांच्या हातातून घेतला, बशीत ओतला आणि बशी खालून धरून त्यांच्यासमोर केली. काका पीत राहिले, आणि बाबांचं वजनावरचं बोलणं चालूच होतं.

काकांची परतीची दोनची एसटी गेली. मी त्यांना सांगितलं, पण दोघांनीही ऐकलं नाही.